तरुण मुलांमधला स्किझोफ्रेनिया ओळखताना या चुका टाळा

"तुला आवाज ऐकू येतात का?" एवढंच विचारायचं आणि 'नाही' म्हटलं की निर्धास्त व्हायचं, इथेच पहिली गल्लत होते. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातले भास (नसलेले आवाज ऐकू येणं वगैरे) आणि टोकाचा संशय बहुधा उशिरा दिसतात. त्याआधी कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त, मूल हळूहळू मिटत जातं. मित्रांचे फोन उचलत नाही, रात्र रात्र जागतं, आठवडाभर आंघोळ टाळतं. पुस्तक समोर उघडं, पण तासाभरात पान उलटलेलं नसतं. घरचे याला आळस म्हणतात आणि बोलणी मात्र रोज बसतात.

'वयच तसं आहे' ही समजूतही नडते. वय फसवं आहे खरं. आजाराची सुरुवात बहुतेकदा पंधरा-सोळा ते तिशीच्या दरम्यान होते, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा सहसा काही वर्षं आधी. पण नुसतं बंडखोर मूल घरी तणतणलं तरी मित्रांत खुलतं. इथे मित्रही सुटतात. म्हणून तुलना इतर मुलांशी नको, त्याच्याच वर्षापूर्वीच्या वागण्याशी करा.

याउलट, लक्षणांची यादी वाचून घरीच शिक्काही मारू नका. नैराश्य, बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार), गांजासारखी नशा, अपस्माराचे (फिट्सचे) काही प्रकार, मेंदूचा दाह यांतही असं चित्र दिसू शकतं. रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन ही दुसरी कारणं शोधायला असतात. स्किझोफ्रेनिया त्यांत 'दिसत' नाही. (आणि हो, एका माणसात दोन माणसं, हा तो आजार नव्हे.)

सगळ्यात महागात पडतो तो वाद. "लोक माझ्यावर पाळत ठेवतात" यावर तुम्ही पुरावे मांडू लागलात की तुम्हीही त्या कटात सामील ठरता. होला हो मिळवायचं नाही, खोडूनही काढायचं नाही. "तुला भीती वाटतेय, झोपही लागत नाहीये, त्यासाठी डॉक्टरांना भेटू," असं म्हणून पाहा. झोपेच्या तक्रारीसाठी मुलं त्यातल्या त्यात तयार होतात.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना 'विचित्र वागतो' एवढंच सांगू नका. काय, कधीपासून, किती वेळा, हे लिहून न्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो.

जीव देण्याची भाषा, आवाज हुकूम सोडताहेत असं सांगणं किंवा खाणंपिणं बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.