पृष्ठ २१३ गेलं कुठे? संदर्भ देताना या चुका टाळा

एम.ए.च्या एका लघुप्रबंधात ‘पृ. २१३’ असा संदर्भ होता. ते पुस्तक माझ्या कपाटातच होतं. काढून बघितलं, तर सगळं मिळून १६८ पानांचं. प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं, तिने पुस्तक पाहिलंच नव्हतं. एका जुन्या प्रबंधातली तळटीप जशीच्या तशी उतरवली होती.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. स्वल्पविराम कुठे द्यायचा ही भांडणं त्यापुढे किरकोळ. मूळ ग्रंथ मिळाला नाही यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याचं वाक्य आहे त्याचं नाव द्या, पुढे ‘उद्धृत’ लिहून तुम्ही खरोखर वाचलेलं पुस्तक आणि त्याचं पान द्या. संदर्भसूचीतही तेच वाचलेलं पुस्तक येईल, न वाचलेलं नाही.

दुसरा घोळ ‘तत्रैव’चा, म्हणजे ‘लगेच आधीच्या टिपेतलंच पुस्तक’ असं सांगणाऱ्या शब्दाचा. समजा, टीप ११ मध्ये एक पुस्तक आहे आणि १२ मध्ये ‘तत्रैव, पृ. ३४’. मार्गदर्शक सांगतात, मध्ये आणखी एक अवतरण घाला. तुम्ही घालता. वर्ड इमानेइतबारे आकडे पुढे सरकवतं, १२ची १३ होते. पण ‘तत्रैव’ आता मध्ये घुसलेल्या नव्या पुस्तकाकडे बोट दाखवतं! म्हणून मसुदा चालू असेपर्यंत प्रत्येक टिपेत आडनाव, छोटं शीर्षक आणि पान लिहा. ‘तत्रैव’ हवंच असेल तर अगदी शेवटी. संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीनेही १७व्या आवृत्तीपासून (२०१७) अशा छोट्या नोंदीच पसंत केल्या आहेत.

जुनी पुस्तकं आणि कागदपत्रं वापरणाऱ्यांना शक हमखास फसवतो. शकाचा इसवी सन करायला ‘७८ मिळवा’ एवढंच पाठ असतं. शिवराज्याभिषेक ज्येष्ठात, शके १५९६. ७८ मिळवले की १६७४, बरोबर. पण शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ मधली. तिथे ७८ मिळवले तर १६२९ येतं. खरं साल १६३०. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. महिना दिलेला नसेल, तर शकच ठेवा आणि कंसात दोन्ही सालं द्या.

संतसाहित्यात नुसतं ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ लिहून भागत नाही. गाथेच्या प्रती अनेक, आणि अभंगांचे क्रमांक प्रतीगणिक बदलतात. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी पुरते असं वाटतं, पण तिथेही संपादकानुसार ओव्यांचे आकडे मागेपुढे होतात. कोणती प्रत, कोणी संपादित केलेली, कोणत्या साली छापलेली, हे सूचीत हवंच. मुखपृष्ठावरून साल ठरवू नका. शीर्षकपानाच्या मागे बघा. पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण ही दोन सालं तिथे वेगवेगळी छापलेली असतात. पानाचा आकडा तुमच्या हातातल्या प्रतीतला, तर सालही त्याच प्रतीचं.

टोपणनावांचंही तसंच. कवितेचे गोविंदाग्रज आणि विनोदी लेखांचे बाळकराम म्हणजे राम गणेश गडकरीच, पण सूचीत ते तीन माणसं होऊन बसतात. पुस्तकावर जे नाव असेल ते द्या, खरं नाव कंसात, आणि ही पद्धत शेवटपर्यंत बदलू नका.

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. तिथपर्यंत खाली जायचा कंटाळा करून ‘विश्वकोश, संकेतस्थळ’ एवढंच लिहिणारे खूप.

राहता राहिली टक्केवारी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) वाङ्मयचौर्याविरुद्धच्या २०१८च्या नियमांत, दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावरून ‘नऊ टक्के आलंय, सुटलो’ म्हणणारे भेटतात. पण छापील मराठी पुस्तकांचा मोठा भाग संगणकावर आलेलाच नाही, मग साम्य तपासणाऱ्या यंत्राला तो सापडणार कसा? शब्द फिरवून लिहिलं तरी विचार दुसऱ्याचाच असतो. त्यालाही संदर्भ लागतो.

त्या २१३चं पुढे काय झालं? अवतरण पृष्ठ ११३वर सापडलं. पण मूळ पुस्तकात पुढचंच वाक्य ‘पण’ने सुरू होत होतं आणि आधीचं सगळं खोडून काढत होतं. ते तळटीपेत आलंच नव्हतं. तिला अख्खा परिच्छेद नव्याने लिहावा लागला.