एआयच्या चित्रात कॅरेक्टर दर सीनला बदलतंय? या चुका टाळा

पहिल्या चित्रात आक्का साठीची, दुसऱ्यात पस्तिशीची, तिसऱ्यात नाकातली चमकी गायब, आणि चौथ्यात तर ती आक्काच नाही, कुठल्यातरी दागिन्यांच्या जाहिरातीतली बाई आहे. एआयवर गोष्टीची चित्रं करायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. लहान मुलांसाठी काही करत असाल तर हे अजिबात चालत नाही. मोठी माणसं एकवेळ समजून घेतात, पण पाच वर्षांचं पोरगं लगेच विचारतं ही कोण, आक्का कुठं गेली, आणि तिथंच गोष्ट तुटते.

उदाहरणाला आपण सोलापूरचीच एक गोष्ट धरू. सगळी गल्ली जिला आक्का म्हणते ती आजी आणि तिचा सात वर्षांचा नातू बसू, दोघं घरातून निघतात, नवी पेठेत खरेदी करतात, सिद्धेश्वर तलावाकाठी बसतात आणि शेवटी संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, म्हंजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, जातात. माणसं दोनच, जागा चार. एवढ्या साध्या गोष्टीत पण चेहरा टिकवायला घाम फुटतो.

आधी मुळात काय होतं ते समजून घ्या. स्टेबल डिफ्युजनसारखं एआय मॉडेल चित्र काढताना सुरुवात करतं नुसत्या रँडम ठिपक्यांपासून, आणि तुमच्या प्रॉम्प्टकडं, म्हंजे लिहून दिलेल्या वर्णनाकडं, बघत बघत एकेका स्टेपला ते ठिपके साफ करत जातं. दुसरं चित्र मागितलं की परत नवीन ठिपके, परत पहिल्यापासून. मागच्या चित्रातली आक्का तिथं कुठंही साठवलेली नसते. आपल्याकडं जॅकार्ड मागावर चादरीत मोर उमटतो तो काय मागाला मोर पाठ असतो म्हणून नाही, मोर असतो कार्डाला पाडलेल्या भोकांमध्ये, आणि कार्ड बदललं की डिझाइन बदललं. तसंच कॅरेक्टर मॉडेलच्या बाहेर, तुमच्याकडं पक्कं पाहिजे. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक या एकाच गोष्टीतून निघतात.

शीट न बनवता थेट सीन काढायला बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि वेळ सगळ्यात जास्त इथंच वाया जातो. लोक काय करतात, पहिलाच सीन काढतात, आक्का भाकरी थापतीय, छान येतो, मग म्हणतात आता हिलाच बाजारात पाठव. पण त्या चित्रात चेहरा खाली झुकलेला, चुलीचा पिवळा उजेड अर्ध्या गालावर, मागं भिंत आणि भांडी. ते रेफरन्स, म्हंजे बघून काढायचा नमुना, म्हणून दिलं की मॉडेल चेहऱ्याबरोबर पिवळा उजेड पण उचलतं, भांडी पण उचलतं, आणि चेहऱ्याची जी बाजू दिसतच नव्हती ती स्वतःच्या मनाने काढतं.

म्हणून आधी कॅरेक्टर शीट करा, गोष्ट नंतर. साधा पांढरा नाहीतर फिकट राखाडी बॅकग्राउंड, सगळीकडून सारखा उजेड, आणि त्यात आक्का समोरून, थोडी वळलेली, पूर्ण बाजूने आणि पाठमोरी, वर एक पायापर्यंत पूर्ण उभी. मग चेहऱ्याचे तीन-चार भाव, हसणं, रागावणं, काळजी. हसल्यावर चेहरा किती बदलतो ते आधीच ठरलेलं असेल तर पुढं मॉडेल हसणाऱ्या आक्काला वीस वर्षांनी तरुण करत नाही. करायला एखादी संध्याकाळ जाते पण ती जाऊ द्या, पुढं दर सीनला वाचते.

शीट करतानाच ठरवून टाका की काय कधीच बदलणार नाही आणि काय बदललं तर चालेल. आणि इथं माझं स्पष्ट मत आहे की तीळ, बारीक व्रण, कानातल्याचा आकार असल्या छोट्या खुणांवर भरवसा ठेवू नका. मॉडेलला डावं उजवं नीट कळत नाही, तीळ या गालावरून त्या गालावर जातो, नथ डाव्या नाकपुडीतून उजवीकडं जाते, पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर येतो आणि नऊवारीची मराठी बाई वेगळ्याच प्रांताची दिसायला लागते. त्यापेक्षा लांबून ओळखू येईल असं काहीतरी धरा, म्हंजे आक्काचा गोल जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, बारीक वाकलेली अंगकाठी आणि साडीचे दोन ठरलेले रंग. चित्र अंगठ्याएवढं लहान केलं तरी ही आक्काच आहे असं कळलं पाहिजे.

वर्णनाचे शब्द दर वेळी बदलणं

एका प्रॉम्प्टमध्ये म्हातारी, दुसऱ्यात आजीबाई, तिसऱ्यात वयस्कर स्त्री. आपल्याला तिन्ही सारखेच, पण मॉडेल प्रत्येक शब्दामागची वेगळी चित्रं शिकलेलं असतं. कॅरेक्टरचं वर्णन एकदा लिहा, नोट्समध्ये ठेवा आणि दर वेळी जसंच्या तसं कॉपी पेस्ट करा, फक्त पुढचा सीनचा भाग बदला. भाषा पण एकच ठेवा, आज इंग्रजी उद्या मराठी असं करू नका.

आता आपल्याकडच्या कपड्यांची खास अडचण आहे. इरकल म्हटलं की तुमच्या माझ्या डोळ्यासमोर लगेच साडी येते पण मॉडेलने तो शब्द फार कमी पाहिलेला असतो, नऊवारी म्हटलं तर कधी सहावारी देतं कधी चक्क घागरा. म्हणून नाव लिहाच पण पुढं साध्या शब्दात पण लिहा, गडद हिरवी सुती साडी, रुंद लाल काठ, मागं कासोटा खोचलेला, पदर डाव्या खांद्यावर. नुसतं भारतीय बाई लिहिलंत तर ठसठशीत टिकली, भरजरी साडी आणि गळाभर दागिने येतात. सुंदर, आकर्षक, अप्रतिम असले शब्द तर कॅरेक्टरच्या वर्णनातून काढूनच टाका, ते शब्द चेहऱ्याला मॉडेलच्या ठरलेल्या गोऱ्यागोमट्या साच्याकडं ओढतात आणि आक्काच्या सुरकुत्या पुसून जातात. त्या सुरकुत्याच तर तिची ओळख आहे!

नाही हा शब्द पण जपून वापरा. दागिने नाहीत असं लिहिलं की पुष्कळदा दागिने येतातच, कारण मॉडेल दागिने हा शब्द पकडतं आणि नाही सोडून देतं. निगेटिव्ह प्रॉम्प्टची, म्हंजे काय नको ते लिहायची, वेगळी जागा असेल तर तिथं लिहा, नसेल तर सरळ जे पाहिजे ते लिहा, मोकळा गळा, फक्त काळी पोत. आणि वर्णन फार लांबवू नका. जुन्या स्टेबल डिफ्युजनमध्ये प्रॉम्प्ट वाचणारा भाग एका वेळी 75 टोकनच, म्हंजे शब्दांचे तुकडेच, घेतो, त्यापुढचं काही ठिकाणी कापलं जातं आणि काही ठिकाणी वेगळ्या तुकड्यात जातं, त्यामुळं कॅरेक्टर पहिल्यांदा आणि हवा-पाणी-ढग नंतर.

सीड म्हंजे चेहरा नव्हे

सीड लॉक केला की चेहरा लॉक झाला असं पुष्कळांना वाटतं. सीड हा एक आकडा असतो, तो फक्त सुरुवातीचे ठिपके ठरवतो. तोच सीड, तोच प्रॉम्प्ट, तेच मॉडेल, तीच सेटिंग असेल तर तेच चित्र परत मिळतं, पण प्रॉम्प्टमध्ये स्वयंपाकघराच्या जागी बाजार लिहिलंत की त्याच ठिपक्यांतून वेगळीच बाई निघू शकते. सीडचा उपयोग एकाच सीनमध्ये छोटा बदल करून बघायला. सीन बदलायचा तर रेफरन्सच लागतो.

रेफरन्सचा जोर आणि कपडे बदलायचा सीन

मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या टूलने मार्च 2024 मध्ये कॅरेक्टर रेफरन्स आणला, त्यात कॅरेक्टर वेट, म्हंजे रेफरन्सचा जोर, 0 ते 100 देता येतो. 100 ला चेहरा, केस, कपडे सगळं धरतं, 0 ला मुख्य भर चेहऱ्यावर. सातव्या व्हर्जनमध्ये त्याजागी ओम्नी रेफरन्स आला, त्याचा वेट 1 ते 1000, आणि काही न सांगता 100 असतो. लोकांची चूक ही की साम्य कमी वाटलं की सरळ वेट शेवटापर्यंत नेतात. मग चेहरा येतो पण उभं राहण्याची पोझ पण रेफरन्सचीच येते, आक्का बाजारात पण शीटमधल्यासारखी ताठ उभी आणि नजर समोर. वेट हळूहळू वाढवा, ओम्नीमध्ये 400 च्या वर जायची गरज सहसा पडत नाही.

खरी परीक्षा गड्ड्याच्या सीनला होते. नंदीध्वजांच्या, म्हंजे सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत बसूला पांढरी बाराबंदी, म्हंजे बंद बांधायचा अंगरखा, घालायची आहे, आणि गोष्टभर तो निळ्या शर्टात. वेट पूर्ण ठेवला तर निळा शर्ट सुटत नाही, कमी केला तर बसू हरवतो, शिवाय आजूबाजूला शेकडो माणसं पांढऱ्या बाराबंदीतच, त्यामुळं गर्दीत बसू कोणता तेच कळत नाही. इथं दोन गोष्टी करा. एक, बाराबंदीतल्या बसूची वेगळी शीट आधीच्या शीटवरून करून घ्या, एडिट करून, आणि यात्रेच्या सगळ्या चित्रांना तीच द्या. दोन, कपडे बदलले तरी न बदलणारं काहीतरी त्याच्या अंगावर असू द्या, कपाळावर येणारी केसांची बट, पुढचा पडका दात, गळ्यातला लाल दोरा. म्हणूनच हे शीटच्या वेळी ठरवायचं असतं.

शेवटच्या चित्रावरून पुढचं चित्र काढणं

पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं करत गेलात की दर वेळी थोडी थोडी चूक साठत जाते. नाक जरा बारीक, रंग जरा उजळ, चष्मा जरा चौकोनी, आणि शेजारशेजारची दोन चित्रं बघितली तर काहीच वाटत नाही पण पहिलं आणि दहावं शेजारी ठेवा, दोन वेगळ्या बायका. चॅटमध्ये बोलून चित्र बदलणारी टूल्स, चॅटजीपीटीमधलं किंवा जेमिनीमधलं ते नॅनो बनाना, चेहरा टिकवण्यात जुन्यांपेक्षा बरीच पुढं आहेत, पण एकाच चॅटमध्ये लांबत गेलं की तिथं पण हे होतं. दर सीनला मूळ शीटच द्या, आणि चित्र घसरतंय असं वाटलं की नवीन चॅट उघडून शीटपासून सुरू करा. एडिट सांगताना पण स्पष्ट सांगा, फक्त मागची जागा बदल, चेहरा चष्मा साडी आहे तशीच ठेव.

तपासायची पद्धत सोपी आहे, सगळी चित्रं एका पानावर लहान लहान करून शेजारी ठेवा आणि मोबाइलवर हात लांब करून बघा, वेगळी आहे ती लगेच डोळ्यात खुपते.

लांबून काढलं की चेहरा बिघडतो

तलावाशेजारच्या किल्ल्याच्या बुरुजाखाली आक्का आणि बसू, लांबून, पूर्ण भुईकोट दिसतोय. सुंदर फ्रेम आणि दोघांच्या चेहऱ्याची लापशी. इथं प्रॉम्प्टचा दोष नाही, जागाच कमी आहे. स्टेबल डिफ्युजन 512 पिक्सलचं चित्र आतल्या आत आठपट लहान करून, म्हंजे 64 बाय 64 च्या जाळीवर काढतं. चेहरा 40 पिक्सलचा असेल तर त्याच्या वाट्याला आडवी पाचच घरं, त्यात चष्मा काय आणि सुरकुत्या काय. चित्र आधी मोठं करा, मग फक्त चेहऱ्याचा भाग निवडून इनपेंट करा, म्हंजे तेवढाच परत काढून घ्या, आणि तिथं शीटचा चेहरा द्या. डिनॉइज, म्हंजे तो भाग किती बदलायचा त्याचा आकडा, 0.4 च्या आसपास ठेवून बघा, फार वाढवलं तर डोकं धडावर चिकटवल्यासारखं दिसतं. नाहीतर त्या फ्रेममध्ये दोघांना पाठमोरंच दाखवा, अंबाडा आणि साडी ओळख पटवायला पुरेशी आहे.

दोघं एका फ्रेममध्ये आले की साडीचा हिरवा रंग बसूच्या शर्टला लागतो आणि आक्काचा चष्मा बसूच्या डोळ्यावर. दोघांची वर्णनं एका वाक्यात मिसळू नका, डावीकडं हिचं पूर्ण, उजवीकडं त्याचं पूर्ण. तरी होत नसेल तर सीन एकट्या आक्काचा काढा आणि बसूला नंतर त्याच्या शीटवरून त्या जागेत इनपेंट करा. मला तरी हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

लोरा ट्रेन करताय?

मोठी मालिका असेल तर लोरा, म्हंजे आपल्या कॅरेक्टरच्या चित्रांवर शिकवून मॉडेलला जोडायची छोटी फाइल, ट्रेन करणं योग्यच. त्यासाठी पंधरा-वीस चांगली चित्रं पुरतात, पण सगळी सारखीच असतील तर घात होतो. कॅप्शनचा, म्हंजे शिकवताना प्रत्येक चित्राबरोबर लिहायच्या वर्णनाचा, नियम नीट समजून घ्या, जे कॅप्शनमध्ये लिहाल ते पुढं बदलता येतं, जे लिहिणार नाही ते कॅरेक्टरला कायमचं चिकटतं. सगळ्या चित्रांत हिरवी साडी आणि कॅप्शनमध्ये साडीचा उल्लेखच नाही, तर लग्नाच्या सीनला पण ती साडी उतरणार नाही. म्हणून साडी, जागा, उजेड लिहा आणि चेहरा, चष्मा, अंबाडा लिहू नका, ते ट्रिगर शब्दावर, म्हंजे कॅरेक्टरला दिलेल्या खास नावावर, सोडा. आणि ओळखीच्या शेजारच्या मुलांचे फोटो ट्रेनिंगला घालू नका, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

जागा पण कॅरेक्टरच असते. सिद्धेश्वर मंदिर नुसतं नावाने मागितलं तर मॉडेल कुठलंतरी उंच गोपुराचं देऊळ देतं, दर वेळी वेगळं, आणि सोलापूरकराला ते एका नजरेत खोटं वाटतं. स्वतः जाऊन तलावाच्या दोन-तीन बाजूंनी फोटो काढा आणि तेच रेफरन्स द्या. नंदीध्वज सात असतात, मॉडेल मोजत बसत नाही, ते फोटोवरून आणा.

खऱ्या माणसांबद्दल मात्र मी ठाम आहे. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेले, 1938 ला चीनला गेलेले आणि 1942 ला तिथंच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर मुलांसाठी काही करायचं असेल तर त्यांचा खरा फोटो वापरा. एआय दर चित्रात वेगळा चेहरा देईल आणि मुलं तोच खरा समजतील.

आणि व्हर्जनची नोंद ठेवा. टूल अपडेट झालं की त्याच शीटवरून, त्याच प्रॉम्प्टवरून चेहरा वेगळा येतो. जुनं व्हर्जन निवडता येत असेल तर चालू गोष्ट त्यातच पूर्ण करा. येत नसेल तर नवीन व्हर्जनमध्ये आधी शीट परत करून घ्या, जुन्या शीटशेजारी ठेवून बघा, आणि फरक डोळ्याला दिसत असेल तर आधीच्या सीनमधले चेहरे पण नवीन शीटवरून इनपेंट करून घ्या, मगच पुढचा सीन काढा.