सोलापुरातून नेपाळच्या ट्रेकची आखणी

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर, सपाट पठारावर वसलेले आहे. नेपाळमधील ट्रेकची आखणी करताना सर्वांत आधी हीच गोष्ट विचारात घ्यावी. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. एव्हरेस्ट बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी असतो. त्यामुळे मिळालेल्या रजेत ट्रेक बसवण्याऐवजी आधी ट्रेक ठरवावा, त्याला लागणारे दिवस मोजावेत आणि मगच रजेचा अर्ज द्यावा.

दिवस मोजण्याचा नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. एव्हरेस्टच्या वाटेवर ३,४४० मीटरवरील नामचे बाजार आणि ४,४१० मीटरवरील डिंगबोचे येथे जाणकार एकेक दिवस अधिक थांबतात ते याच कारणासाठी. अशा दिवशी खोलीत पडून न राहता जवळच्या चढावर जाऊन यावे आणि झोपण्यासाठी खाली परतावे. हा ट्रेक जेथून सुरू होतो त्या लुक्लाची विमाने खराब हवामानामुळे वारंवार रद्द होतात, म्हणून तेथे निदान दोन दिवस राखीव ठेवावेत. सोलापूर ते सोलापूर असा हिशेब केल्यास या ट्रेकला जवळजवळ तीन आठवडे लागतात. एवढी सवड नसेल तर तो पुढे ढकलावा, दिवस मात्र कापू नयेत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माझ्या मते अन्नपूर्णा बेस कॅम्प निवडावा. पोखऱ्याहून निघून परत येण्यास सात ते दहा दिवस पुरतात. अनेक वेळापत्रकांत सुमारे ३,२०० मीटरवरील देउरालीहून एका दिवसात थेट बेस कॅम्प गाठण्याचे ठरवलेले असते. ही घाई टाळून ३,७०० मीटरवरील माछापुच्छ्रे बेस कॅम्पवर एक मुक्काम आग्रहाने मागून घ्यावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे दोन हंगाम योग्य आहेत. दिवाळीची सुटी पहिल्या हंगामात येत असल्याने ती आपल्याला सोयीची पडते. मात्र आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास नेपाळमध्ये दशैं हा तिथला सर्वांत मोठा सण असतो आणि त्या दिवसांत कार्यालये बंद व बसगाड्या भरलेल्या असतात. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या बातम्यांकडेही लक्ष ठेवावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड वादळाच्या प्रभावाने अन्नपूर्णा भागातील थोरुंग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळ झाले आणि ४० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेही ऐन हंगामात.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ हवे. केवळ आधार कार्डावर विसंबून निघू नये. अन्नपूर्णा परिसराचा परवाना काढताना सार्क देशांच्या नागरिकांना कमी शुल्क पडते, म्हणून आपले नागरिकत्व आधीच सांगावे. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक वाटाड्या घेण्याचा नियम आहे, त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

सराव निदान तीन महिने आधी सुरू करावा. कंबर तलावाभोवती चालणे चांगले असले तरी पुरेसे नाही, कारण सपाटीवर चालून उतरणीसाठी गुडघे तयार होत नाहीत. पाठीवर सात-आठ किलोंची पिशवी घेऊन उंच इमारतीचे जिने चढावेत आणि तितक्याच काळजीने उतरावेत. नंतर सिंहगड आणि राजगड सलग दोन दिवसांत करून पाहावेत, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालण्याचा अनुभव त्यातूनच मिळतो. सोलापूरच्या उन्हाची सवय हिमालयात उपयोगी पडत नाही, आणि उत्तम शारीरिक क्षमता असलेल्यालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो.

सोलापुरी चादर कितीही प्रिय असली तरी घरीच ठेवावी. सुती कापड जड असते आणि ओले झाल्यावर लवकर वाळत नाही. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे थरांमध्ये घालावेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र अवश्य घ्यावी, कारण ती टिकते आणि उंचीवर भूक मंदावली तरी ओळखीच्या चवीमुळे चार घास पोटात जातात.

डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थ झोप ही पहिली लक्षणे दिसताच आणखी वर जाऊ नये; ती वाढत गेली तर खाली उतरावे. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही गंभीर चिन्हे असून, अशा वेळी रात्र असली तरी माणसाला सोबत घेऊन त्वरित उतरावे. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावे.

पोखऱ्याजवळच्या सारंगकोटचे पॅराग्लायडिंग आणि त्रिशूली नदीतील राफ्टिंग ट्रेकनंतरच ठेवावे, कारण आधी पाय मुरगळल्यास संपूर्ण ट्रेक हातचा जातो. विमा घेताना तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे, हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात येतो का आणि या दोन्ही खेळांना त्यातून वगळले आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचावे आणि तिची एक प्रत घरच्यांकडे द्यावी.