पेडर रोडचा चढ येण्याआधीच खा

मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तोही पस्तीस किलोमीटरच्या आसपास, पाय आधीच दगड झालेले असताना. तिथे अनेकांचं अवसान गळतं. पण चूक बहुतेक वेळा पहिल्या दहा किलोमीटरमध्येच झालेली असते: पहाटेचा गारवा, गर्दीचा जोश, आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त वेग.

शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा 42.195 किलोमीटर पुरत नाही. म्हणून भूक लागायची वाट पाहू नका. पहिल्या पाऊण तासातच खायला सुरुवात करा आणि तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघा. एनर्जी जेल असो, खजूर असो की चिक्की, सरावाच्या लांब पल्ल्यात पोटाला मानवलेलंच घ्या. मला स्वतःला बिया काढून अर्धे केलेले खजूर बरे वाटतात. तोंड सुकलं की चिक्की गिळवत नाही. पाणी तहानेनुसार घोट घोट प्या. भीतीपोटी ढसाढसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घटतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

चढावर घड्याळ बघू नका. पावलं आखूड ठेवा, खांदे सैल सोडा, नजर दहा-पंधरा पावलांवर ठेवा. गरज वाटली तर मिनिटभर भरभर चाला, यात कमीपणा काहीच नाही. मात्र छातीत दुखलं, डोकं गरगरलं किंवा बोलणं अडखळू लागलं, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्या.