नेटवर्क स्विचच्या हार्डवेअरवर नजर ठेवताना या चुका टाळा

सगळ्या सेन्सरना एकच तापमान-मर्यादा लावणं ही जुनी खोड. '६० अंशांवर अलार्म' एवढं टाकलं, सगळ्या स्विचवर चढवलं, काम झालं! स्विचिंग चिप लोडवर ८० अंशांपर्यंत गेली तरी बऱ्याच मॉडेलमध्ये ते नेहमीचंच असतं. आत येणाऱ्या हवेचं मात्र तसं नाही. डेटा सेंटरचे बहुतेक स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. म्हणजे ६० च्या मर्यादेत चिप दिवसभर बोंबलत राहते आणि हवा ५५ ला पोचली तरी कुणाला पत्ता नाही. मग वैतागून अलार्मच बंद केला जातो.

मर्यादा आधी स्विचलाच विचाराव्यात. एन्व्हायर्नमेंटच्या कमांडमध्ये बहुतेक ठिकाणी दिसतात. दोन आठवडे नुसती नोंद घ्या, नेहमीच्या पातळीच्या १० अंश वर वॉर्निंग ठेवा आणि तापमान त्या मर्यादेच्या ५ अंश खाली आल्यावरच ती मिटू द्या, नाहीतर सीमेवर अलर्टची उघडझाप चालते. एकाच स्विचची हवा शेजाऱ्यांपेक्षा बरीच गरम दिसली, तर पंख्यांची दिशा उलटी नाही ना, हे पहिल्यांदा पाहा.

पॉवर सप्लायची चूक याहून महाग पडते. दोनांपैकी एक गेला तरी ट्रॅफिक अडखळत नाही, म्हणून पॉलिसीत तो 'मायनर' होतो. पुढचं ठरलेलं आहे. 'ए' आणि 'बी' या दोन वीजवाहिन्यांपैकी (फीड) 'बी'कडचा सप्लाय मरतो, ट्रॅप, म्हणजे स्विच स्वतःहून पाठवतो तो इशारा, एकदाच निघतो, तोही पोचल्याची खात्री न देणाऱ्या यूडीपीवरून. पोचला तर पोचला. पोचलाच तर कुणी न उघडणाऱ्या मेल फोल्डरमध्ये पडतो. महिन्याभराने विजेच्या देखभालीसाठी 'ए' फीड बंद होतं, 'बी आहे की' या भरवशावर. अख्खा स्विच बसतो आणि मॉनिटरवर फक्त 'उत्तर देत नाही' एवढंच उमटतं.

एक सप्लाय गेला की क्रिटिकल, यात तडजोड नको. ट्रॅपच्या जोडीला दर ५ मिनिटांनी पोलिंग, म्हणजे आपणहून स्विचला विचारणं, हवंच. स्विच बसवाल त्याच दिवशी, त्यावर ट्रॅफिक येण्याआधी, एकेक केबल उपटून अलर्ट कुणाला आणि किती वेळात जातो ते बघा. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्यांचं कौतुक करवत नाही. दोन्ही केबल एकाच पीडीयूत (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत) खोचल्या असतील, तर स्विचच्या लेखी सगळं आलबेल असतं. त्यासाठी रॅकमागे जाऊनच बघावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) एकूण आकडा निरुपयोगी, ५ मिनिटांतली वाढ मोजा. ट्रॅफिकचे बाइट मोजणारा ३२ बिटी काउंटर १० गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर साधारण ३.४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, तेव्हा ६४ बिटीच घ्या. सिस्टिम अपटाइमही (चालू झाल्यापासूनचा वेळ) ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. तो रीबूट नव्हे. ऑप्टिकची (फायबर मोड्यूलची) रिसीव्ह पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बसवतानाच लिहून ठेवा, २ डेसिबल घसरली की आधी कनेक्टर पुसा. बंद पोर्टवरच्या उणे ४० ला (म्हणजे प्रकाशच नाही) अलर्ट देऊ नका.

आणि कुठूनतरी उतरवलेला तयार टेम्प्लेट, दर मिनिटाला हजारो ऑब्जेक्ट (मोजमापं) विचारणारा, तसाच लावू नका. लहान स्विचचा सीपीयू त्यातच दमतो, आणि मग त्याच सीपीयूचा अलार्म येतो.