सावकार असो की अ‍ॅप, कर्ज घेण्याआधी परवाना असा तपासा

पैसे देणारा नक्की कोण आहे ते आधी विचारून घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. गावातला सावकार किंवा सोनं तारण ठेवून पैसे देणारा सराफ असेल तर त्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली परवाना लागतो आणि तो सहकार खात्याकडून मिळतो, म्हणजे चौकशीला जायचं ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात, तहसीलला नाही. फायनान्स कंपनीची नोंदणी मात्र रिझर्व्ह बँकेकडे असते, तिला राज्याचा सावकारी परवाना लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच सांगितलंय, त्यामुळे तिचं नाव निबंधकाकडे सापडलं नाही तर दचकू नका. पतसंस्था तिसरीच, ती सभासदाला कर्ज देते.

सावकाराकडे परवाना मागायला लाजू नका, मोबाईलवर फोटो काढा आणि त्यावरचं नाव, क्षेत्र आणि मुदत बघा. नाव बापाचं आणि धंदा करतो पोरगा असं असेल तर तिथेच थांबा. परवाना ठराविक क्षेत्रापुरता असतो, शेजारच्या तालुक्यातला दाखवून उपयोग नाही, आणि तो 31 मार्चपर्यंतचाच असतो, त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावलेला जुना कागद बघून खूश होऊ नका. हल्ली शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, जीएसटी यांचे कागद छान लॅमिनेट करून पुढे करतात, पण त्यातला एकही व्याजाने पैसे द्यायचा परवाना नाही.

मग व्याज. सरकारने 2014 मध्ये ठरवलेले दर वर्षाचे आहेत, शेतकऱ्याला तारण असेल तर 9 टक्के, विनातारण 12, आणि बिगरशेती कर्जाला 15 आणि 18. बोलताना सगळे "शेकडा तीन" म्हणतात आणि ते असतात महिन्याचे. 50,000 वर शेकडा तीन म्हणजे महिन्याला 1,500, वर्षाला 18,000, आणि तेच सोनं तारण ठेवून बिगरशेती कर्ज घेतलं तर कायद्याने होतात 7,500. परवाना असलेला माणूससुद्धा वरचे पैसे तोंडीच मागतो, म्हणून दर कागदावर लिहून घ्या. कोरा चेक, सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर अजिबात देऊ नका. आणि "नुसतं नावाला खरेदीखत करू, पैसे फेडले की जमीन परत" असं कोणी म्हणालं तर परवाना तपासायचीही गरज नाही, उठा तिथून. आधीच असं खत झालं असेल तर याच सावकारी कायद्याच्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असला पाहिजे.

अ‍ॅपवरून घेणार असाल तर अ‍ॅपचं नाव बाजूला ठेवा, त्यामागची बँक किंवा फायनान्स कंपनी कोण ते बघा, कारण कर्ज ती देते. कंपनीचं पूर्ण नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधा, स्पेलिंगसकट, एखादं अक्षर इकडचं तिकडे करून ओळखीच्या कंपनीसारखं नाव घेणारे भरपूर आहेत. 2025 पासून तिथे कर्जाच्या अ‍ॅप्सची पण यादी आहे, पण ती कंपन्यांनी स्वतः भरलेल्या माहितीवर बनते, म्हणून दोन्हीकडे बघा. पैसे त्या कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, आणि अ‍ॅप कॉन्टॅक्ट किंवा गॅलरी मागत असेल तर ते नियमाबाहेर आहे, लगेच काढून टाका.

परवाना नाहीच निघाला तर विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तक्रार निबंधकाकडेच करायची. यूपीआयचे स्क्रीनशॉट, डायरीच्या पानांचे फोटो, चिठ्ठ्या सगळं जोडा आणि अर्जाची एक कॉपी आवक शिक्का मारून स्वतःकडे ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी "तुमचा अर्जच आला नाही" हे ऐकायला मिळतं.