वॉर्डातील संक्षेप समजून घेताना: नव्या परिचारिकांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी

जीएनएम या परिचारिका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी नेत्रविभागात लागली, तेव्हा 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, एवढेच मला ठाऊक होते. एका आजींच्या केसपेपरवर डोळ्यांत घालायच्या थेंबांपुढे 'ओडी' आणि लगेच पुढे 'क्यूआयडी' असे लिहिलेले होते. औषध एकदा द्यायचे की चारदा, हा प्रश्न मला पडला खरा, पण विचारण्याचा संकोच वाटला आणि पहिला शब्द प्रमाण मानून मी सकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. दुपारी इन्चार्ज सिस्टरनी तक्ता पाहिला तेव्हा कळले, की नेत्रविभागात 'ओडी' म्हणजे उजवा डोळा, 'ओएस' म्हणजे डावा आणि 'ओयू' म्हणजे दोन्ही. आजींना अपाय झाला नाही. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याची दुपारची वेळ टळली होती आणि दुसऱ्या डोळ्यात विनाकारण औषध गेले होते.

एकाच संक्षेपामागे 'ओम्नी दिए', म्हणजे दररोज, आणि 'ओक्युलस डेक्स्टर', म्हणजे उजवा डोळा, असे दोन वेगळे लॅटिन शब्दप्रयोग आहेत, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी संक्षेपांची यादी पाठ करणे सोडले आणि प्रत्येक संक्षेप कोणत्या शब्दांतून आला व कोणत्या विभागात वापरला जातो, हे वहीत लिहू लागले. नव्याने येणाऱ्या मुलींनाही मी हेच करायला सांगते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना हे शब्द परके वाटतात, पण शाळेत थोडेफार संस्कृत झाले असेल तर त्यांतले कितीतरी शब्द आपल्या शब्दांचे सख्खे नातलग निघतात. 'बीडी', म्हणजे दिवसातून दोनदा, यातला 'बिस' म्हणजे आपला 'द्विः', 'टीडीएस', म्हणजे तीनदा, यातला 'टेर' म्हणजे 'त्रिः' आणि 'क्यूआयडी'मधला 'क्वाटेर' म्हणजे 'चतुः'. ग्रीक 'हायपर' आणि आपला 'उपरि' एकाच मुळातले आहेत, तसेच 'हायपो' आणि 'उप' हेही. वॉर्डात ही दोन उपपदे मला सर्वांत धोकादायक वाटतात, कारण फोनवर ती जवळजवळ सारखीच ऐकू येतात आणि उपचार मात्र अगदी उलट असतात: हायपोग्लायसेमियात, म्हणजे रक्तातील साखर खाली गेल्यावर, साखर द्यावी लागते, तर हायपरग्लायसेमियात इन्सुलिन. म्हणून फोनवर निरोप देताना केवळ नाव न सांगता साखरेचा आकडाही सांगावा आणि पलीकडच्या व्यक्तीकडून तो परत म्हणवून घ्यावा.

शब्दांची शेपटे तर आठवडाभरात हाती येतात. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे अवयव काढून टाकणे, 'ऑटमी' म्हणजे छेद घेणे, 'ऑस्टमी' म्हणजे बाहेर उघडणारे तोंड तयार करणे, 'एमिया' म्हणजे रक्तात आणि 'यूरिया' म्हणजे लघवीत. एवढे समजले की हिमॅच्युरिया हा शब्द प्रथमच कानावर पडला तरी लघवीतून रक्त जात असावे, हे कळते.

संक्षेपांचे मात्र असे नाही. तेथे अंदाज चालत नाही. अपघात विभागात 'आरटीए' म्हणजे रस्त्यावरील अपघात, तर मूत्रपिंडाच्या विभागात तो एका विकाराचा संक्षेप असतो. 'एमएस' हृदयविभागात झडप अरुंद होण्यासाठी लिहितात आणि मज्जाविकाराच्या विभागात मल्टिपल स्क्लेरोसिससाठी. प्रसूतिविभागात 'जी ३ पी १ ए १ एल १' असे लिहिले असता बाईची ही तिसरी गर्भधारणा आहे, एक प्रसूती झाली आहे, एक गर्भ पडला आहे आणि एक मूल हयात आहे, असा अर्थ होतो. यातला 'ए' इंग्रजी 'अबॉर्शन'चा असला, तरी आपोआप झालेला गर्भपातही त्यातच मोजतात. केसपेपर वाचून नातेवाइकांचा गैरसमज झालेला मी पाहिला आहे. त्या बाईवर तो आणखी एक घाव असतो, म्हणून हे समजावून सांगायला वेळ काढावा.

संक्षेपांमुळे जीवही धोक्यात येतो, ही अतिशयोक्ती नाही. युनिटसाठी केवळ 'यू' हे इंग्रजी अक्षर लिहिले आणि घाईत त्याचे तोंड मिटले, की ते शून्य दिसते आणि चार युनिटांचे चाळीस होतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची जी यादी केली, तिच्यात हे अक्षर आहे. तुम्ही 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. आपल्याकडे तर इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० च्या कुपीतून लाल टोपीच्या सिरिंजने औषध ओढले, तर रुग्णाला अडीचपट इन्सुलिन जाते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत तर हजारपटीचा फरक आहे.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम केला. तरीही अक्षर लागत नसेल, तर लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. राउंड थांबवून विचारल्याबद्दल मला दोन-तीनदा बोलणी बसली, पण त्याचे मला आजही काही वाटत नाही.

रुग्णाला घरी सोडताना तर एकही संक्षेप त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नये. 'एचएस' असेल तेथे 'झोपताना' म्हणावे आणि 'एसओएस' असेल तेथे 'त्रास झाला तरच'. '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हेसुद्धा बोटाने दाखवून सांगावे. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेले तर विषबाधा होते. त्या गोळ्यांच्या पाकिटावर मी वार मोठ्या अक्षरांत लिहून देते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना त्यांच्या गावचा आठवडी बाजार कधी भरतो ते विचारते आणि गोळी बाजाराच्या दिवशीच घ्यायची, असे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेते.